खर्ड्याचा बाण आणि यात्रेतली शोभेची दारू

परवा रात्री गावी यात्रा कमिटीच्या बैठकीला बसलो होतो. मारुतीच्या पारावर पंधरा-वीस जण होते. तमाशा ठरला, हगाम्याची बक्षिसं ठरली, मंडपवाला ठरला. मग आला फटाक्यांचा कागद. व्यापाऱ्याने दिलेलं कोटेशन एकूण चाळीस हजारांचं. त्यात दहा हजारांची माळ, सुतळी बाँबचे वीस बॉक्स, दोनशे चाळीस शॉटचे दोन खोके, रॉकेटचे दहा पुडे. शेवटी पेनाने लिहिलं होतं, "रंगीत आयटम आवडीप्रमाणे." म्हणजे रंगीत हा चटणीसारखा, असला तर असला.

पोरांचं म्हणणं सरळ होतं. "आवाज पायजे. शेजारच्या गावाला कळलं पायजे यात्रा आपली हाये."

कोपऱ्यात बसलेले एक तात्या म्हणाले, "आरं, आमच्या टायमाला शोभेची दारू बघायला लोक बैलगाड्या जुंपून यायची. आता तुम्ही पेटवली की कानात बोटं घालून पळत्यात. बघतंय कोण?"

सगळे हसले. मग कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. "पेपरवाले, तुम्हीच सांगा काय घ्यायचं ते." तिथे बोललो ते दोन मिनिटांचं होतं. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या, पुस्तकं चाळली, आणि हे लिहायला बसलो. जरा लांबलंय, पण यात्रांचे दिवस आहेत, आपल्या प्रत्येक गावात हाच कागद कुणाच्या तरी खिशात असणार.

आधी त्या शब्दाकडेच बघा. शोभेची दारू. पुण्या-मुंबईचे पाहुणे यात्रेची पत्रिका वाचून हसतात, "तुमच्याकडे दारूचा कार्यक्रम असतो का?" दारू म्हणजे बंदुकीची, तोफेची दारू, दारूगोळा, दारूखाना यातली. तिच्या मागे 'शोभेची' लावायची गरज का पडली? कारण दुसरी दारू शोभेची नव्हती, लढाईची होती. माल तोच, सोरा-गंधक-कोळसा. सोरा म्हणजे जुन्या मातीच्या भिंतींवर, गोठ्यात जो पांढरा खारट थर येतो ना, ती जात. एक दारू माणसं मारायला, एक माणसांना दाखवायला. आपल्या भाषेने या दोघींची नावं कधी एक होऊ दिली नाहीत. आपण मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत दोन्ही एकत्र करून टाकल्या.

लढाईच्या दारूत आपला जिल्हा कधीच मागे नव्हता. विजापूरला जी मुलूख मैदान तोफ पाहायला शाळेच्या सहली जातात, ती ओतली गेली आपल्या नगरात, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणारा महंमद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडचा माणूस. वजन पंचावन्न टनांच्या आसपास. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत नगरच्या तोफखान्याचा प्रमुख रूमीखान होता, आणि तोफांत तांब्याची नाणी भरून मारा केल्याची हकिकत फिरिश्ता सांगतो. पुढे १५९५-९६ ला मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घालून तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांनी काही हुडकून रिकामे केले, एक उडाला, तट पडला, आणि चांदबिबीने ते खिंडार रातोरात बुजवून घेतलं. हे आपल्याला पाठ आहे. किल्ला दाखवताना आपण हेच सांगतो.

पण आज मला सांगायचंय ते जामखेड तालुक्यातलं. खर्डा.

११ मार्च १७९५. एका बाजूला हैदराबादचा निजाम अली, दुसऱ्या बाजूला पुण्याचा दरबार. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन सगळे एका झेंड्याखाली, आणि हे असं शेवटचंच. सवाई माधवराव पेशवे स्वतः मोहिमेत होते. वयाची एकवीसही पूर्ण नव्हती. सुरुवातीला निजामाचे पठाण घोडेस्वार जोरात पुढे आले, मराठ्यांची एक बाजू मागे रेटली गेली. तेव्हा रघूजी भोसल्यांच्या लोकांनी त्यांच्यावर बाणांचा वर्षाव केला, आणि त्याच वेळी शिंद्यांच्या पलटणींच्या तोफा सुरू झाल्या. ग्रँट डफने हे लिहून ठेवलंय. पठाणांचं घोडदळ उधळलं. रात्री निजामाच्या छावणीत गोंधळ माजला आणि तो खर्ड्याच्या गढीत जाऊन अडकला.

हे बाण म्हणजे धनुष्याचे नव्हेत. नळकांड्यात दारू ठासलेली, मागे वेळूची काठी. पेटवला की फुत्कारत, वाकडातिकडा, जमिनीला घासत जाणारा. नेम धरायला तो तोफेसारखा पक्का नव्हता. त्याची खरी कमाल घोडे आणि हत्ती बुजवण्यात. आवाज, धूर, शेपटीची आग. जनावराला कळतच नाही कुठून येतंय. म्हैसूरकरांनी लोखंडी नळ्यांचे बाण करून इंग्रजांना हैराण केलं, ते तुकडे इंग्रज विलायतेला घेऊन गेले आणि तिथे काँग्रीव्हने त्यावरून आपलं रॉकेट काढलं, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या पोरांच्या दिवाळीतलं बाटलीत उभं करायचं रॉकेट त्याच घराण्यातलं. आमच्या लहानपणी त्याला कुणी रॉकेट म्हणत नव्हतं. बाणच म्हणायचे.

आता त्याच सवाई माधवरावांच्या काळातली दुसरी दारू बघा.

पेशव्यांच्या बखरीत एक प्रसंग येतो. महादजी शिंदे पेशव्यांना उत्तरेतल्या कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगतात. चार दिवस लाखो दिवे, आणि गावाबाहेर दारूची लंका. रावण, राक्षस, वानर, सगळे दारूकामाचे. मोठा मारुती, त्याची शेपटी पेटते, तो लंकेवर झेपावतो आणि लंका जळते. हे ऐकून तरुण पेशव्यांनी पुण्यात तसंच करायला सांगितलं. पर्वतीच्या पायथ्याशी लंका उभी राहिली. अंधाऱ्या रात्री पेशवे आणि सरदार पर्वतीवर बसले, आणि पुणेकर गर्दी करून बघायला आले. बखर आहे, तेव्हा थोडं तिखट-मीठ धरून चाला. पण त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. तो खेळ होता. त्याला कथा होती. कुठून बघायचं, किती अंधारात बघायचं, आधी काय पेटेल आणि शेवटी काय, याचा विचार होता. बाणांचे हल्ले ज्यांनी रणात पाहिले होते, त्या लोकांनी घरी करमणुकीला निवडलं ते हे.

ही सगळी माहिती ज्यांनी गोळा केली ते परशुराम कृष्ण गोडे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर. १४०० ते १९०० या पाचशे वर्षांत हिंदुस्थानात शोभेची दारू कशी होती, यावर त्यांनी १९५० च्या दशकात एक इंग्रजी पुस्तिका लिहिली. आपल्याकडे राजांच्या वंशावळीवर कपाटं भरलीत, पण फुलबाजी कधी आली हे शोधायला हाच एक माणूस बसला. त्यांनी विजयनगरची महानवमी घेतली, १४४३ साली तिथे आलेल्या अब्दुर रझाकने पाहिलेलं दारूकाम घेतलं, ओडिशाच्या प्रतापरुद्र गजपतीच्या नावावरचा 'कौतुकचिंतामणी' घेतला, ज्यात शोभेच्या दारूच्या कृती संस्कृतात दिल्यात. आणि घेतले आपले नाथमहाराज.

एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात लग्नाच्या सोहळ्यात दारूकाम येतं. आता श्रीकृष्णाच्या काळात दारू कुठली! पण पैठण आपल्या शेवगावच्या पलीकडे, गोदावरी ओलांडली की आलंच. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीला किल्लेदार, निजामशाहीच्या चाकरीत. म्हणजे सोळाव्या शतकात या टापूतल्या मोठ्या लग्नांत आकाशात काय उडत होतं, ते नाथांनी देवाच्या लग्नाला दिलं. आपल्या जिल्ह्याच्या शोभेच्या दारूचा याहून चांगला साक्षीदार मला तरी माहीत नाही.

पेशवाईतल्या दारूकामाची नावं वाचली की तात्यांचं म्हणणं पटतं. नारळी झाडं, हातनळे, कमळं, फुलबाज्या, चंद्रज्योती, कोठीचे बाण. एखादी बादलगर्जना आहे, नाही असं नाही. पण बहुतेक नावं झाडाफुलांची आणि उजेडाची. रंग आजच्याइतके नव्हते. लोखंडाचा कीस आणि कोळसा यांनी सोनेरी-तांबूस ठिणगी यायची, तेवढ्यावर भागायचं. लाल भडक, हिरवागार हे नंतरच्या रसायनांनी आणलं. स्ट्रॉन्शियमने लाल, बेरियमने हिरवा, तांब्याने निळा. आणि ॲल्युमिनियमची पूड आली, तेव्हा डोळे दिपवणारा पांढरा उजेड आला आणि तिच्याच जोरावर कानठळ्या बसवणारा बारही स्वस्त झाला.

गावोगावचे दारूकाम करणारे कारागीर हळूहळू गेले. शिवकाशीचा माल आला. १९२३ साली अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे कलकत्त्याला जाऊन काड्यापेट्या करायला शिकले, तिथून तो धंदा शिवकाशीत रुजला आणि मागोमाग फटाके आले. शिवकाशी का? पाऊस कमी, शेती बेभरवशाची, दारू वाळवायला ऊन भरपूर, आणि पोटाला काम हवं असलेली माणसं. हे वर्णन ऐकून कुठलं गाव आठवतं सांगा. खर्ड्यावरून भूम, वाशी करत पुढे गेलात की धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा लागतं. महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात त्याला. आपल्या जामखेड-कर्जतच्या कितीतरी यात्रांत तेरखेड्याचा माल उडतो. ज्या पट्ट्यात खर्ड्याची लढाई झाली त्याच पट्ट्यात आज दारू ठासली जाते, आणि ठासणारे हात बहुतेक बायकांचे.

ते हात किती स्वस्त आहेत हे आपण बातमीपुरतं वाचतो. १ जानेवारी २०२३ ला बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला, कामावरच्या बायका गेल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात आग लागली. तिथे बाँब नव्हते बनत. वाढदिवसाच्या केकवर लावतो ना, ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती. तिथेही जळाल्या त्या मुख्यतः कामगार बायकाच. ही बातमी आली त्या रात्री आमच्याच गल्लीत एका पोराच्या केकवर तीच मेणबत्ती तडतडत होती. मी काही बोललो नाही. काय बोलणार?

आता कायद्याचं. बैठकीत कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून सांगतो. सुप्रीम कोर्टाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके बंद केले. त्याच निकालात कोर्टाने आवाजाचे वेगळे आणि रंग-उजेडाचे वेगळे अशी फोड केली आणि वेळेचं बंधन आवाजाच्या फटाक्यांनाच घातलं. 'शोभेची दारू' म्हणणाऱ्या आपल्या आजोबांनी जो फरक केला होता, तोच. नंतर २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने दिवाळी आणि तशा सणांना सगळ्याच फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरवली, बेरियमचे क्षार बंद केले, आणि माळा बंद केल्या. होय, माळा. लडी. बनवणं, विकणं, वाजवणं तिन्ही. म्हणजे आमच्या कोटेशनमधला पहिलाच आयटम, दहा हजारांची माळ, कायद्याने विकताच येत नाही. व्यापाऱ्याने मात्र तो सगळ्यात वर लिहिला होता. आणि हे सांगितल्यावर एक जण म्हणाला, "मग स्वस्तात देईल का?" आपली माणसं!

ग्रीन फटाके म्हणजे हिरव्या रंगाचे नव्हेत. नागपूरच्या नीरी संस्थेने ठरवलेल्या मिश्रणाचे, ज्यांतून धूळ-धूर निदान तीस टक्के कमी निघतो. खोक्यावर नीरीची हिरवी खूण आणि क्यूआर कोड असतो. तो मोबाइलने तपासा, नुसता छापलेला बघून समाधान मानू नका. फटाक्यांना मंजुरी देणारं केंद्र सरकारचं मुख्य कार्यालयही नागपुरातच, तेव्हा दिल्ली लांब आहे ही सबब आपल्याला नाही.

बरं, मग घ्यायचं काय? चाळीस हजारांत पर्वतीची लंका होणार नाही. पण खर्डाही करायला नको.

पहिली गोष्ट, रॉकेट रद्द. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका यात्रेची बातमी करायला गेलो होतो. गाव सांगत नाही. चैत्राचे दिवस, वारा सुटलेला, रॉकेट गावावरून वाहत गेलं आणि कडब्याच्या गंजीवर उतरलं. टँकर येईपर्यंत गंजी संपली. सकाळी त्या घरातली बाई राखेजवळ उभी होती, दावणीला दोन गायी. मला म्हणाली, "फोटो नका काढू, चारा कुठं मिळंल ते सांगा." पुढच्या दुष्काळात, २०१९ ला, छावण्यांच्या बातम्या करताना मला तीच आठवायची. दिवाळीत रान ओलं असतं. आपल्या यात्रा उन्हाळ्यात, कडबा रचलेला, पाचट वाळलेलं, त्यात बाण सोडणं म्हणजे शत्रूच्या गोटात सोडल्यासारखंच झालं.

दुसरी, आकड्याला भुलू नका. दोनशे चाळीस शॉट म्हणजे दोनशे चाळीस नळ्या. नळी बारीक असेल तर फूलही बारीक. तेच ते चिटचिट किती वेळ बघणार? पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर लोक मोबाइल खाली ठेवतात. त्यापेक्षा कमी नळ्यांचे पण जाड नळीचे दोन-तीन खोके घ्या, वेगवेगळ्या तऱ्हेचे. एक सोनेरी, ज्याच्या ठिणग्या खाली येईपर्यंत लोंबत राहतात. एक लाल. एक तडतडणारा. आणि ते एकदम पेटवू नका. मध्ये अंधार राहू द्या. प्रत्येक फूल विझून दोन श्वास जाऊ देत. लहान खेळ मोठा वाटायला हवा असेल तर त्याला सगळ्यात जास्त अंधार लागतो, आणि तो फुकट मिळतो. दहा मिनिटं मंडपाचे हॅलोजन आणि डीजेचे लाइट बंद ठेवा, बस. पर्वतीच्या लोकांना हे कळत होतं.

खरा पैसा घाला झाडांवर. भुईनळे म्हणा, अनार म्हणा, पाऊस म्हणा. मोठ्या आकाराचे, देवळासमोर दोन्ही बाजूंना ओळीने, एकापाठोपाठ एक पेटवलेले. पालखी मधून येते आणि दोन्हीकडे माणसाच्या डोक्यावर सोनेरी झाडं उभी राहतात. पालखी अर्थात लांबून, झाडांच्या ठिणग्या पोचणार नाहीत इतकी जागा सोडून. हे दृश्य म्हाताऱ्यांना दिसतं, कडेवरच्या पोराला दिसतं, आकाशात मान वर करावी लागत नाही. उंच बांबूला एक-दोन चक्रं. मग आकाशातले. सगळ्यात मोठा खोका शेवटी, आणि त्यानंतर काहीही नाही. आपल्याकडे शेवटच्या मोठ्या फुलानंतर कुणीतरी उरलेली सुतळी लावतोच. तो मोह आवरा.

खोका वाळूत अर्धा पुरा किंवा चारी बाजूंनी विटा लावा. तो आडवा झाला की नळ्यांची तोंडं माणसांकडे होतात, मग तो मुलूख मैदानच. वारा गर्दीकडून बाहेर वाहतोय ना, ते पाहून जागा ठरवा. वात लांब उदबत्तीने, तोंड खोक्यावर न आणता. न पेटलेल्याला परत हात नाही, लांबून पाणी ओतायचं. पेटवणारे दोघंच, बाकी सगळे दोरीबाहेर. आणि दारू उडवणाऱ्याने दारू घेतलेली नसावी. यावर बैठकीत सगळ्यात जास्त हशा झाला आणि सगळ्यात जास्त वेळ शांतताही तिथेच झाली, कारण पेटवायचा मान कुणाचा हे ठरलेलं होतं.

तर झालं काय ते सांगतो. माळ कटली. रॉकेट कटलं, त्याला मात्र पोरांनी तासभर वाद घातला. सुतळीचे वीस बॉक्स दोनावर आले. ते दोन तात्यांनीच ठेवायला लावले. म्हणाले, "पालखी उठताना देवाला बार पायजेच. सलामी हाये ती." मला त्यावर बोलता आलं नाही. किल्ल्यावर तोफेची सलामी होतीच की. उरलेल्या पैशांत चोवीस मोठी झाडं, दोन चक्रं, तीन खोके. पाच हजार शिल्लक टाकलेत, वाळू, पाण्याचा टँकर आणि पेटवणाऱ्या दोघांच्या विम्यासाठी.

एक गोष्ट मात्र अडलीय. आमचा छबिना पिढ्यान् पिढ्या रात्री बाराला निघतो. दहाच्या आत दारू उडवायची तर पालखी नऊला उठायला हवी. पुजारी म्हणतात, देवाची वेळ कोर्ट ठरवणार का? पोलीस ठाण्यातून आलेल्या कागदावर दहाची वेळ स्पष्ट आहे. दोघांचंही ऐकून सरपंचांनी बैठक रविवारवर ढकललीय. कळवतो.